सिमेंटच्या पत्र्याची किरकोळ दुरुस्ती: सार्वजनिक इमारतींत ॲसबेस्टॉसचे काम धूळ न उडवता कसे करावे

मे महिना लागला की पुण्यातल्या शाळा, दवाखाने, क्षेत्रीय कार्यालये आणि मंडया यांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. गेल्या पावसाळ्यात जिथे गळले तिथला पत्रा बदलायचा, सैल बोल्ट आवळायचे, पावसाच्या पाण्याचा फुटका पाइप जोडायचा, पंख्यासाठी किंवा केबलसाठी एखादे भोक पाडून घ्यायचे, अशी ही कामे असतात. जूनच्या मध्यावर शाळा भरायच्या आत आणि पाऊस लागायच्या आत ती उरकायची असल्यामुळे काम घाईचे असते आणि बिलही छोटे असते. ज्याला आपण सगळे 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, तो बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस-सिमेंटचा असतो, ही गोष्ट या घाईत कोणी मोठ्याने बोलत नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्वच्छतागृहावर नवा पत्रा लांबीला जास्त होत होता, म्हणून फॅब्रिकेटरने तो व्हरांड्यातच आडवा टाकून ग्राइंडरने दोन फूट कापला. पाच मिनिटांचे काम होते. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर, खिडकीच्या गजांवर आणि आतल्या पहिल्या दोन बाकांवर पिठासारखी राखाडी धूळ बसली. शाळेतल्या मावशींनी ती केरसुणीने लोटून सुपलीत भरली, पदराने तोंड पुसले आणि पदर झटकला. त्या कामाची मोजमाप पुस्तकातली नोंद माझ्या हाताची आहे. पत्र्याची लांबी, रुंदी, दर हे सारे तिच्यात आहे. धूळ मारायच्या पाण्याचा, मास्कचा किंवा कापलेल्या तुकड्याच्या विल्हेवाटीचा उल्लेख नाही, कारण अंदाजपत्रकातच तो नव्हता. सार्वजनिक इमारतींची देखभाल पाहणारे कनिष्ठ अभियंते, मुख्याध्यापक, कार्यालय अधीक्षक आणि लहान कंत्राटदार यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

ॲसबेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. पत्र्यात त्याचा साधारण दहावा हिस्सा असतो आणि बाकी सिमेंट असते. अखंड, न तुटलेला, कोणी हात न लावलेला पत्रा वर्षानुवर्षे डोक्यावर असला तरी त्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. कापताना, घासताना, भोक पाडताना किंवा तोडताना मात्र तंतू हवेत येतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन तिथेच रुतून बसतात. त्यांतून फुप्फुसे घट्ट होत जाणारा ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि छातीच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे रोग होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲसबेस्टॉसचे सर्व प्रकार, आपल्याकडचा पांढरा ॲसबेस्टॉस धरून, माणसात कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. हे रोग दिसायला दहा-पंधरा ते चाळीस वर्षे लागतात. आज काम करून गेलेल्या मजुराला उद्या खोकलाही येत नाही, आणि म्हणून कोणालाच धोका पटत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे कामावर येणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगावे.

आधी ओळख पटवावी

ब्रिटनमध्ये इमारतीच्या वयावरून बराच अंदाज बांधता येतो, कारण तिथे १९९९ साली ॲसबेस्टॉसच्या वापरावर बंदी आली. आपल्याकडे तसा आधार नाही. भारतात ॲसबेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ पासून थांबले, पण पांढऱ्या ॲसबेस्टॉसची, म्हणजे क्रायसोटाइलची, आयात चालू राहिली आणि त्याचे पत्रे बाजारात मिळत राहिले. त्यामुळे "छप्पर अलीकडेच बदलले आहे" एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या बाजूला, ॲसबेस्टॉसविरहित फायबर-सिमेंटचे पत्रेही आता मिळतात आणि ते लांबून अगदी सारखेच दिसतात. खरेदीचे बिल, पत्र्यावरचा छाप किंवा उत्पादकाचे प्रमाणपत्र यांतून पत्रा ॲसबेस्टॉसविरहित असल्याचे लेखी कळत नसेल, तर तो ॲसबेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे.

फुटक्या पत्र्याची कड उन्हात तिरकी धरलेली पाहिली, तर राखाडी सिमेंटातून बाहेर आलेली केसाळ लव कधीकधी दिसते. ती हाताने चोळून पाहू नये, आणि लव दिसली नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये. खात्री करायचीच असेल, तर कड साबणाच्या पाण्याने भिजवून नखाएवढा तुकडा चिमट्याने काढावा, एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत बंद करावा, वर ठिकाण आणि तारीख लिहावी आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावा. तुकडा जिथून काढला ती जागा लगेच सीलंटने बुजवावी.

छपराखेरीज इतरत्रही लक्ष ठेवावे. पावसाच्या पाण्याचे जुने राखाडी पाइप, पत्र्याच्या रिज म्हणजे छपराच्या माथ्यावरचे जोडतुकडे, मुताऱ्यांमधले सपाट पडदे, जुन्या पाण्याच्या टाक्या, धुराडी, मीटर बोर्डामागची राखाडी शीट, जुन्या फ्यूजमधली पांढरी विणलेली पट्टी, बॉयलरच्या झाकणाची दोरी, दवाखान्याच्या धुलाईघरातल्या वाफेच्या पाइपांवरचे पांढरे लिंपण, या सगळ्यांत ॲसबेस्टॉस असू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची तारेची जाळी असते आणि तिच्या मध्यावर पांढरा गोल लेप असतो. जुन्या जाळ्यांत तो लेप ॲसबेस्टॉसचा असे, आणि वापरून वापरून तो कडेने सुटून पोपडे धरतो. अशा जाळ्या भिजवून पिशवीत बंद कराव्यात आणि सिरॅमिकच्या आणाव्यात. मुलांच्या हाताशी असलेली ही वस्तू छपराच्याही आधी हलवावी, असे माझे मत आहे.

किरकोळ काम म्हणजे नेमके किती

सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला ॲसबेस्टॉस आणि हाताने चुरगळेल असा सैल ॲसबेस्टॉस, हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. वाफेच्या पाइपांवरचे लिंपण, लोखंडी तुळयांवर फवारलेला थर आणि उष्णतारोधक मऊ बोर्ड यांतून थोड्या धक्क्यानेही प्रचंड प्रमाणात तंतू सुटतात. ब्रिटनमध्ये अशा बहुतेक कामांसाठी खास परवाना लागतो. आपल्या देखभालीच्या माणसांनी त्याला हातच लावू नये. खोलीला कुलूप घालावे, दारावर पाटी लावावी, पंखे व वातानुकूलन बंद करावे आणि वरिष्ठांना लेखी कळवावे.

सिमेंटच्या वस्तूंवरचे काम किरकोळ म्हणायचे, तर मांडामांड आणि सफाई धरून ते अर्ध्या दिवसात संपले पाहिजे आणि त्यात चार-पाचपेक्षा जास्त पत्रे नसावेत, असा दंडक मी घालून घेतला आहे. त्याहून मोठे काम असेल, तर पूर्ण छप्पर उतरवण्याचा स्वतंत्र प्रस्ताव करावा.

त्याआधी एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा: पत्र्याला हात न लावता हे काम होईल का? केबल नेण्यासाठी पत्र्यात भोक पाडण्याऐवजी ती भिंतीतून नेता येते. दिवा किंवा पंखा पत्र्याला न अडकवता खालच्या कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, अँगलला क्लॅम्पने अडकवता येतो. बारीक भेग गळत असेल, तर भेगेभोवतीचा भाग ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, वरून डांबरी चिकटपट्टी लावल्यास पत्रा न बदलता दोन-तीन पावसाळे निघतात. मी पाहिलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी भोक पाडायची किंवा कापायची गरज नव्हती, पण ड्रिल मशीन हाताशी होते म्हणून भोक पडले.

अंदाजपत्रकातच सोय करावी

सरकारी आणि निमसरकारी कामांत जे अंदाजपत्रकात नसते ते जागेवर होत नाही, हा माझा अनुभव आहे. लहान कंत्राटदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पत्रा बदलण्याचा दर चौरस मीटरला ठरलेला असतो आणि त्यात मास्क, प्लॅस्टिक, फवारणी व विल्हेवाट कुठेच बसत नाहीत. म्हणून ही बाब स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र रकमेसह लिहावी आणि निविदेच्या अटींत तीन वाक्ये घालावीत: जागेवर ग्राइंडर किंवा कोणतीही वेगवान कटिंग यंत्रे वापरता येणार नाहीत, कोरडे झाडणे चालणार नाही, आणि निघालेला माल अधिकृत ठिकाणी पोहोचल्याची पावती जोडल्याशिवाय बिल निघणार नाही. तिसरे वाक्य सर्वांत जास्त काम करते. नवा पत्रा मोजून, योग्य लांबीचाच मागवावा. म्हणजे जागेवर कापण्याचा प्रश्नच येत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या कामात मी दोन फूट आधी मोजले असते, तर ग्राइंडर लागलाच नसता.

साहित्य

मास्क एफएफपी-३, म्हणजे सर्वांत जास्त धूळ अडवणाऱ्या, दर्जाचाच हवा. भारतीय मानक ९४७३ मध्ये एफएफपी-१, २ आणि ३ असे वर्ग आहेत, आणि आवेष्टनावर तो वर्ग छापलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल, स्कार्फ किंवा शस्त्रक्रियेचा निळा मास्क तंतू अडवत नाही. वर त्याने काळजी घेतल्याचे खोटे समाधान मिळते. दाढीचे खुंट असतील तर मास्क गालाला चिकटत नाही आणि हवा कडेने आत शिरते. म्हणून कामाच्या सकाळी दाढी केलेलीच असावी. मास्क लावल्यावर दोन्ही तळहातांनी तो झाकून जोरात श्वास सोडून पाहावा, आणि नाकाजवळून किंवा गालावरून हवा निसटली तर पट्टे पुन्हा आवळावेत. मास्क एकदा काढला की तो पुन्हा घालू नये.

डोक्यावर टोपी असलेला, धूळ आत न जाणारा एकदाच वापरायचा झगा, रबरी हातमोजे आणि लेस नसलेले गमबूट घ्यावेत. लेसच्या बुटांच्या भोकांत धूळ अडकते आणि ती पुसून निघत नाही. झग्याच्या बाह्या हातमोज्यांवरून आणि पाय बुटांवरून घेऊन चिकटपट्टीने बांधावेत. बागेत वापरतात तो हाताचा फवारणी पंप, भांडी घासायचा द्रव साबण, १००० गेजचे म्हणजे २५० मायक्रॉनचे प्लॅस्टिक, रुंद चिकटपट्टी, भरपूर जुन्या सुती फडक्या, दोन बादल्या आणि जाड पिशव्या एवढे पुरते. साबण घालायचे कारण असे की नुसते पाणी तंतुमय पृष्ठभागावरून ओघळून जाते. साबणाने ते आत मुरते.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मुळीच आणू नये. तो बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकतो. धोकादायक धुळीसाठी बनवलेला, हेपा म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नसेल तर ओल्या फडक्यांनीच सगळी सफाई करावी.

जागा बांधणे आणि छपरावर चढणे

काम सुट्टीच्या दिवशी, सकाळी लवकर घ्यावे. मेमध्ये दुपारनंतर वारा सुटतो आणि वादळी पाऊसही येतो. सकाळी सात ते दहा या वेळात हवा बहुधा पडलेली असते. खालच्या वर्गातले बाक बाहेर काढावेत, जे हलत नाही ते प्लॅस्टिकने झाकावे, पंखे बंद ठेवून खिडक्या लावाव्यात आणि पत्र्याच्या खाली जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून त्याच्या कडा चिकटवाव्यात. भोवती दोरी बांधून "धोका: ॲसबेस्टॉसचे काम चालू आहे, आत येऊ नये" अशी पाटी मराठीत आणि हिंदीतही लावावी, कारण पत्र्याच्या कामावर येणारे निम्मे कामगार हिंदी वाचणारे असतात. दोरीजवळ एक माणूस उभा करावा. सुट्टीतही शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळायला मुले येतातच, आणि चेंडू छपरावर गेला की ती चढतात.

तंतूंपेक्षाही तातडीचा धोका पडण्याचा असतो. जुना सिमेंटचा पत्रा उन्हापावसाने ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतो. "बोल्टच्या ओळीवरून चालले की पत्रा धरतो" असे अनेक अनुभवी कामगार सांगतात. त्यावर कधीही विसंबू नये. पत्र्यावर थेट पाय न ठेवता, किमान तीन पर्लिनवर, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर, टेकणाऱ्या जाड फळ्या टाकाव्यात, त्या दोरीने बांधाव्यात, आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा कैचीला किंवा स्वतंत्र दोराला अडकवलेला असावा. शेवाळ असलेल्या छपरावर पाऊस पडून गेल्यावर चढूच नये. शक्य असेल तिथे चाकाच्या मचाणावरून, खालच्या बाजूने काम करणे कधीही बरे.

फुटका पत्रा बदलणे

पहिल्यांदा पत्रा आणि त्यावरचे बोल्ट फवारणी पंपाने हळूहळू भिजवावेत. बारीक तुषार हवेत, पाण्याची जोरदार धार नको, कारण धारेने तंतू उडतात आणि पन्हळीतून खाली वाहत जातात. भिजायला दहा मिनिटे द्यावीत. तोवर गंजलेल्या नटांवर तेल सोडावे. हूक बोल्टचा नट पान्याने सुटला तर ठीक, नाही सुटला तर हाताच्या बोल्ट कटरने बोल्टच तोडावा. छिन्नी-हातोडा मारून नट उडवला की बोल्टाभोवतीचा पत्रा चुरा होतो, आणि नेमका तोच चुरा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. बोल्ट निघाल्यावर त्याचे भोक आणि डांबरी वॉशरची जागा ओल्या फडक्याने पुसावी. फडके एका बाजूने एकदाच पुसून घडी घालावे, दुसऱ्यांदा त्याच बाजूने फिरवू नये, आणि बादलीत पिळूनही घेऊ नये, कारण पिळल्यावर सगळी धूळ त्या पाण्यात जाते. मळकी फडकी सरळ पिशवीत टाकावीत.

पत्रा शेजारच्या पत्र्याखालून ओढून काढायची सवय असते. ओढताना दोन्ही पत्रे एकमेकांवर घासतात. त्याऐवजी वरच्या पत्र्याचे बोल्ट थोडे सैल करावेत, त्याखाली लाकडी पाचर घालावी आणि खालचा पत्रा उचलून मोकळा करावा. दोघांनी दोन्ही टोकांना धरून, दोरांच्या आधाराने तो खाली उतरवावा. वरून फेकू नये, मग खाली माणूस असो वा नसो. खाली आल्यावर तो प्लॅस्टिकवर ठेवून पुन्हा भिजवावा आणि दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावा. पिशवीत मावत नाही म्हणून पत्रा तोडू नये. अखंड पत्र्यातून तंतू जवळपास सुटत नाहीत, आणि तोडलेल्याची प्रत्येक कड धूळ देते. आधीच फुटलेले तुकडे भिजवून जाड पिशवीत भरावेत, पिशवी अर्धीच भरावी, तिचे तोंड हंसाच्या मानेसारखे पिळून दुमडून बांधावे आणि ती दुसऱ्या पिशवीत घालावी.

मोकळ्या झालेल्या पर्लिनवर वर्षांची धूळ असते. ती भिजवून पुसल्याशिवाय नवा पत्रा चढवू नये. बदली पत्रा ॲसबेस्टॉसविरहित किंवा रंगीत लोखंडी घ्यावा. फक्त पन्हळीचा मेळ आधी पाहून घ्यावा, नाही तर सांध्यातून पाणी येते आणि पुन्हा सीलंट, पुन्हा चढणे, पुन्हा तोच उद्योग मागे लागतो.

भोक पाडावेच लागले तर

सर्व पर्याय पाहून झाल्यावरही भोक अटळ असेल, तर ते २० मिलिमीटरपेक्षा मोठे करू नये. भोकाच्या जागी दोन्ही बाजूंनी, हात पोचत असेल तर, दाढीच्या साबणाचा घट्ट फेस किंवा भिंतीच्या कागदाची खळ जाड लिंपावी. हाताने फिरवायचे किंवा अगदी कमी वेगाचे ड्रिल घ्यावे, हातोड्याचा ठोका देणारे नको. बिट त्या फेसातून आत घालावे आणि मधूनमधून थांबावे. निघालेला भुगा फेसातच अडकतो आणि त्याचा ओला लगदा होतो. बिट मागे घेताना फडके धरावे, लगदा आतल्या बाजूने बाहेर असा पुसून फडक्यासह पिशवीत टाकावा. मग भोकाच्या कडेला सीलंट लावून प्लॅस्टिकची नळी बसवावी, म्हणजे केबल हलली तरी कड घासणार नाही. हे करून पाहिल्यावर आमच्या वायरमनने स्वतःच सांगितले की डोळ्यांत काही गेले नाही असे भोक त्याने पहिल्यांदाच पाडले.

इतर लहान कामे थोडक्यात सांगता येतात. शेवाळ काढायला प्रेशर वॉशर किंवा तारेचा ब्रश वापरू नये. भिजवून लाकडी पट्टीने अलगद खरवडावे. पत्र्याला रंग द्यायचा असेल तर घासकागद न लावता ओल्या फडक्याने पुसून, सिमेंटवर चालणारा पाण्यातला इमल्शन द्यावा. छपराच्या गटारातला गाळ कोरडा उपसू नये, कारण झिजलेल्या पत्र्यांचे तंतू पावसाने वाहत येऊन त्यातच साचलेले असतात. आधी पाणी घालून चिखल करावा, मग थापीने काढावा. जुने मीटर बोर्ड काढताना आधी वीज बंद करून घ्यावी आणि तिथे पाणी फवारू नये. बोर्डामागची शीट ओल्या फडक्याने झाकत अखंड उतरवावी.

अंगावरची धूळ घरी नेऊ नये

काम संपल्यावर माणसे थकलेली असतात आणि चहा आलेला असतो, म्हणून सगळ्या चुका इथे होतात. प्लॅस्टिकच्या आत उभे राहूनच आधी अवजारे पुसावीत, मग बूट. झग्यावर हलकी फवारणी करावी. हातमोजे आणि झगा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली उतरवावा आणि पिशवीत टाकावा. मास्क तोवर तोंडावरच ठेवावा आणि सर्वांत शेवटी, मागच्या पट्ट्याला धरून काढावा. मग जमिनीवरचे प्लॅस्टिक भिजवून कडेकडून मध्याकडे गुंडाळावे. हात, तोंड आणि मान साबणाने धुतल्यावरच चहा, तंबाखू किंवा जेवण घ्यावे.

कामाचे कपडे घरी धुवायला नेल्यामुळे, स्वतः कारखान्यात पाऊलही न टाकलेल्या कामगारांच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. आपल्याकडे पत्रेवाला त्याच शर्टवर घरी जातो आणि लहान पोर त्याच्या अंगावर झेप घेते. म्हणून झग्याचे पैसे वाचवू नयेत.

सफाई झाल्यावर टॉर्च जमिनीला समांतर धरून खिडकीच्या चौकटी, बाक आणि फरशी पाहावी. तिरक्या उजेडात राहिलेली धूळ दिसते. धूळ दिसली तर पुन्हा पुसावे. खोली त्या दिवशी वापरात देऊ नये. शाळेतल्या मावशींना आणि शिपायांना नेमके सांगावे की झाडू मारायचा नाही, ओले पुसायचे, आणि फडके पुन्हा वापरायचे नाही.

निघालेल्या मालाचे काय करावे

जुना पत्रा वॉचमनला खोपीवर टाकायला किंवा मजुराला शेळ्यांच्या गोठ्यासाठी देऊन टाकणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि ती चांगल्या मनाने पाळली जाते. तरीही ती थांबवावी लागेल, कारण तो पत्रा पुन्हा कापला जातो, पुन्हा खिळे मारले जातात, आणि या वेळी बंद झोपडीत. राडारोड्याच्या गाडीतही तो घालू नये. महापालिकेच्या वाघोलीच्या केंद्रात राडारोडा दळला जातो, आणि ॲसबेस्टॉस दळला जाणे याहून वाईट काही नाही. सुक्या कचऱ्यात टाकलेला तुकडा कचरावेचक बाईंच्या उघड्या हातात जातो.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांच्या पहिल्या परिशिष्टात टाकून दिलेल्या ॲसबेस्टॉसचा उल्लेख आहे. तो उल्लेख उत्पादनप्रक्रियेच्या सदरात असला, तरी सार्वजनिक संस्थेने छपरावरून निघालेला मालही त्याच काळजीने हाताळावा, असे मला वाटते. भारतीय मानक ११७६८ हे ॲसबेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठीच आहे. पुणे जिल्ह्यासाठी रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात घातक कचऱ्याची सामाईक सुविधा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार करून तिथे माल देण्याची पद्धत आणि दर काम निघायच्या आधीच लेखी घ्यावेत. चार पत्र्यांसाठी गाडी पाठवणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणून एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतल्या सर्व शाळांचा गुंडाळलेला माल कुलूपबंद, छप्पर असलेल्या एकाच खोलीत, पाटी लावून, मोजून ठेवावा आणि वर्षातून एकदा, वाहतुकीच्या घोषणापत्रासह, एकत्र पाठवावा. पिशव्यांवर मराठीत "ॲसबेस्टॉस. फोडू नये" असे कायम शाईने लिहावे.

नोंदवही

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲसबेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितले. छपरावर चढणारा रोजंदारीचा माणूस कारखान्याचा कामगार नसतो आणि त्याच्यासाठी अशी नोंद कोणी ठेवत नाही. ॲसबेस्टॉसिस आणि ॲसबेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग सामाजिक सुरक्षा संहितेच्या (२०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या) तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून आहेत, पण वीस-तीस वर्षांनी हक्क सांगायचा तर त्या माणसाने हे काम कधी आणि कुठे केले याचा कागद लागतो. तो कागद इमारतीच्या देखभाल विभागाकडेच असू शकतो.

म्हणून प्रत्येक इमारतीसाठी एक साधी बांधीव वही ठेवावी. पहिल्या पानावर इमारतीचा हाताने काढलेला नकाशा आणि ॲसबेस्टॉसच्या जागांवर लाल खूण असावी. पुढे प्रत्येक कामाची तारीख, पत्रे किती, काम कोणी केले, किती वेळ लागला, मास्क कोणता होता, माल कुठे ठेवला, आणि रांजणगावची पावती आल्यावर तिचा क्रमांक असावा. कंत्राटदाराच्या कामगारांची पूर्ण नावे त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने घ्यावीत. पुढच्या वर्षी ड्रिल घेऊन येणाऱ्या वायरमनला शिडी लावण्यापूर्वी या वहीचे पहिले पान दाखवावे आणि पाहिल्याची सही घ्यावी. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात न ठेवता शिपायाच्या टेबलाजवळ, चाव्यांच्या फळीखाली खिळ्याला टांगलेली असावी, कारण छपराकडे जाणारा प्रत्येक माणूस चावी मागायला तिथेच येतो.